लॅपटॉपचे ८ कोअर, सर्व्हरचे ३२ कोअर, तरी वेळ सारखाच?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी,

माझं संशोधन पुराच्या पाण्यावर आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ४३ च्या वर गेलं की कुठल्या भागात किती वेळात किती खोल पाणी येईल, हे उथळ पाण्याच्या समीकरणांवरून काढायचं. प्रोग्राम फोरट्रानमध्ये आहे आणि ओपनएमपीने (काम अनेक कोअरमध्ये वाटण्याची पद्धत) समांतर केलेला आहे.

माझ्या लॅपटॉपमध्ये रायझन ७ ५८००एच प्रोसेसर आहे, ८ कोअरचा (कोअर म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणारा भाग). रॅम ३२ जीबी. विभागात एक सर्व्हर आहे, त्यात एपिक ७४५२, ३२ कोअर आणि १२८ जीबी रॅम. ५ मीटरच्या ग्रिडवर (साधारण २ कोटी चौकोन) पुराचा एक तास चालवला तर असं होतं:

एकच थ्रेड (म्हणजे एकाच कोअरवर चालणारं काम) दिला तर लॅपटॉपला ४० मिनिटं, सर्व्हरला ६३ मिनिटं.
सगळे कोअर दिले तर लॅपटॉपला १३ मिनिटं, सर्व्हरला १२ मिनिटं.

मला सर्व्हर निदान तिप्पट-चौपट वेगवान हवा होता. पावसाळ्यात धरणांच्या विसर्गाचे वेगवेगळे अंदाज धरून एका रात्रीत पन्नासेक रन काढायचे असतात. १२ मिनिटांत पुराचा एकच तास निघणार असेल तर त्याचा कोणालाच उपयोग नाही. सर्व्हर बिघडलाय, प्रोग्राम वाईट आहे, की सर्व्हरचे प्रोसेसर असेच असतात?

---

रॅकवाला

४० आणि ६३ यात बिघाड काही नाही. ७४५२ चा बेस (नेहमीचा घड्याळ-वेग) २.३५ गिगाहर्ट्झ, जास्तीत जास्त बूस्ट (गरजेला चढणारा वेग) ३.३५. तुमचा लॅपटॉप एका कोअरवर ४.४ पर्यंत जातो. एका थ्रेडच्या कामात चांगला लॅपटॉप सर्व्हरला मागे टाकतो, हे आमच्याकडे रोज दिसतं. लोक नवा सर्व्हर आला की त्यावर एक स्क्रिप्ट चालवून बघतात आणि नाराज होतात.

मला खटकतोय तो दुसरा आकडा. ३२ कोअरना १२ मिनिटं लागायला नकोत. १, २, ४, ८, १६, ३२ अशा थ्रेडवर वेळ मोजून इथे द्या. बाकी अंदाज त्यानंतर.

---

अर्धवाहक

एका थ्रेडचा फरक जवळजवळ पूर्ण हिशोबात बसतो, म्हणून सविस्तर लिहितो. (चिप डिझाइनमध्ये काम करतो, बंगळूरला.)

घड्याळाचा वेग ४.४ भागिले ३.३५, म्हणजे १.३१. पण हे दोन कोअर एका पिढीचेही नाहीत. ७४५२ हा २०१९ चा, झेन २ वर बनलेला. ५८००एच मध्ये झेन ३ आहे. त्या पिढीत एका ठोक्यात होणारं काम सरासरी १९ टक्के वाढल्याचं एएमडीने जाहीर केलं होतं. १.३१ गुणिले १.१९ म्हणजे १.५६. तुमचे ६३ भागिले ४० किती होतात बघा: १.५७. सगळेच प्रोग्राम इतके बिनचूक बसत नाहीत, पण दिशा हीच.

आता सर्व्हरचा कोअर मुद्दाम सावकाश का ठेवतात? कारण वीज. चिपमध्ये खर्च होणारी वीज ढोबळमानाने वारंवारता गुणिले व्होल्टेजचा वर्ग अशी वाढते, आणि वारंवारता वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. त्यामुळे शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ फार महाग पडतात. ७४५२ ची मर्यादा १५५ वॅट. ती ३२ कोअरमध्ये वाटली तर कोअरला पाच वॅटही येत नाहीत, आणि त्यातलाही मोठा वाटा मधल्या आय/ओ डायला (रॅम आणि बाहेरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या तुकड्याला) जातो. लॅपटॉपच्या ५८००एच ला ४५ वॅट आहेत (कंपनीनुसार ३५ ते ५४), पण एकच कोअर जागा असेल तर त्यातला बराचसा भाग तो एकटा वापरू शकतो.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. एपिकमध्ये कोअर वेगळ्या तुकड्यांवर आणि मेमरीचा कंट्रोलर वेगळ्या तुकड्यावर असतो. ५८००एच मध्ये सगळं एकाच तुकड्यावर. म्हणून रॅममधून एखादी गोष्ट मागवली की सर्व्हरला उत्तर यायला थोडा जास्त वेळ लागतो. सर्व्हर एका मागणीसाठी घाई करत नाही, शेकडो मागण्या एकाच वेळी पेलतो. त्याची रचनाच तशी आहे.

---

निळाडोंगर

विषय लॅपटॉपचा निघालाच आहे तर ॲपलच्या एम मालिकेचा उल्लेख हवा. २०२१ चा एम१ मॅक्स घ्या: मेमरी बँडविड्थ (रॅम आणि प्रोसेसरमध्ये दर सेकंदाला किती डेटा जातो ते) ४०० जीबी प्रति सेकंद! तुमच्या एपिक ७४५२ ची कागदावरची कमाल २०४.८. म्हणजे मांडीवरच्या यंत्राकडे सर्व्हरच्या दुप्पट. सर्व्हर म्हणजे मोठा आणि लॅपटॉप म्हणजे छोटा, हे गणित आता तितकं सरळ राहिलेलं नाही.

---

अर्धवाहक

निळाडोंगर, मुद्दा बरोबर आहे आणि महत्त्वाचा आहे. फक्त ती ४०० ची वाट मुख्यतः जीपीयूसाठी बांधलेली आहे. नुसत्या सीपीयूच्या कोअरना त्यातली सगळी ओढता येत नाही, निम्म्याच्या थोडी वर जाते. ती सुद्धा लॅपटॉपसाठी थक्क करणारी आहे. मेमरी मात्र जास्तीत जास्त ६४ जीबी आणि चिपला चिकटलेली, पुढे वाढवायची सोय नाही. एपिकच्या त्या पिढीला एका सॉकेटवर (एका प्रोसेसरच्या जागेवर) ४ टीबीपर्यंत रॅम लावता येते.

---

पंचगंगाकाठ

सर्वांचे आभार. रॅकवाला यांनी सांगितल्याप्रमाणे सर्व्हरवर मोजलं:

१ थ्रेड: ६३ मिनिटं
२: ३२
४: १८
८: १३
१६: १२
३२: १२

एचटॉपमध्ये (कोअर किती कामात आहेत ते दाखवणारा प्रोग्राम) सगळे ३२ कोअर १०० टक्के दिसतात, म्हणजे काम तर करतायत.

आणि एक विचित्र गोष्ट. माझ्याकडे २० मीटरचं जाड ग्रिडही आहे, साडेबारा लाख चौकोनांचं. त्यावर पुराचा अख्खा दिवस चालवला तर लॅपटॉपला ५ मिनिटं लागतात आणि सर्व्हरला एक मिनिटाच्या आसपास. तिथे सर्व्हर पाचपट वेगवान! प्रोग्राम तोच, कंपायलर तोच.

---

शून्यगणित

पंचगंगाकाठ, तुम्ही 'विचित्र' म्हणून जे शेवटी लिहिलंत त्यातच उत्तर आहे.

एका चौकोनासाठी तुमचा प्रोग्राम किती संख्या सांभाळतो? खोली, दोन दिशांचे वेग, जमिनीची उंची, खडबडीतपणा, वेळेची जुनी आणि नवी पायरी... साधारण दहा धरू. प्रत्येक संख्या ८ बाइट. साडेबारा लाख चौकोन गुणिले ८० बाइट म्हणजे १०० एमबी. ७४५२ ची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी) १२८ एमबी. म्हणजे जाड ग्रिडवरचं सगळं पाणी प्रोसेसरच्या पोटातच मावतं, रॅमकडे जावंच लागत नाही. लॅपटॉपची कॅश १६ एमबी, त्याला प्रत्येक पायरीला रॅमकडे पळावं लागतं.

बारीक ग्रिडवर २ कोटी चौकोन. एकटी खोलीच १६० एमबी. ती एपिकच्याही कॅशमध्ये मावत नाही. मग दोघेही रॅमवर अवलंबून, आणि दोघांना सारखाच वेळ लागतोय. विहिरीवर मोटारी कितीही बसवा, वर येणारा पाइप दोन इंचीच असेल तर पाणी तेवढंच येणार.

एचटॉपमधल्या १०० टक्क्यांवर जाऊ नका. मेमरीची वाट बघत थांबलेला कोअरही तिथे कामातच दिसतो.

पण मला न पटणारी गोष्ट अशी की या सर्व्हरचा पाइप दोन इंची असायला नको. ८ चॅनल (रॅमकडे जाणाऱ्या वाटा) आहेत त्याला. ८ थ्रेडलाच तो का अडला? आत रॅमचे किती मॉड्यूल (पट्ट्या) लावलेत, ते बघता येईल का? एकूण जीबी नको, मॉड्यूलची संख्या.

---

रॅकवाला

+१. मलाही तोच संशय. मशीन उघडायची गरज नाही. रूट परवानगी असेल तर डीएमआयडीकोड चालवा आणि मेमरीचा भाग वाचा. प्रत्येक स्लॉटची नोंद येते, रिकामा असेल तर तसं लिहिलेलं असतं. सोबत स्ट्रीम नावाची छोटी चाचणी कंपाइल करून दोन्ही मशीनवर चालवा. जॉन मॅकाल्पिन यांची आहे, जुनी आणि साधी, पण मेमरी बँडविड्थसाठी आजही तीच. ॲरे कॅशच्या किमान चौपट मोठे ठेवा, नाहीतर कॅशचाच वेग मोजला जाईल.

---

पंचगंगाकाठ

विभागातल्या सरांनी परवानगी दिली. निकाल:

१६ स्लॉटपैकी २ भरलेले. प्रत्येकी ६४ जीबी. बाकी १४ रिकामे.

स्ट्रीम (त्यातली ट्रायड चाचणी): लॅपटॉप ३८ जीबी प्रति सेकंद, सर्व्हर ४०.

---

अर्धवाहक

झालं, सापडलं.

डीडीआर४-३२०० चा एक चॅनल: ३२०० दशलक्ष वेळा ८ बाइट, म्हणजे २५.६ जीबी प्रति सेकंद. तुमच्या लॅपटॉपला २ चॅनल, ५१.२. सर्व्हरला ८ चॅनल आहेत, पण त्यातले ६ कोरडे. म्हणून त्यालाही ५१.२ च. प्रत्यक्षात हाती येतात ३८ आणि ४०. बारीक ग्रिडवर १३ आणि १२ मिनिटं का, याचं याहून स्वच्छ उत्तर मिळणार नाही.

आठही चॅनल भरले तरी २०४.८ भागिले ३२ केलं तर कोअरला ६.४ येतात. लॅपटॉपचे ५१.२ भागिले ८, तेही ६.४. म्हणजे पूर्ण भरलेल्या सर्व्हरमध्येही एका कोअरच्या वाट्याला तुमच्या लॅपटॉपइतकीच बँडविड्थ आहे. ६४ कोअरचा ७७४२ घेतला असता तर चॅनल तेच ८, वाट्याला ३.२. मेमरीवर अडणाऱ्या कामासाठी जास्त कोअरचा महागडा प्रोसेसर घेणं म्हणूनच पैसे वाया घालवणं ठरू शकतं. पुढच्या पिढ्यांत हे कोडं कंपन्यांनी ओळखलं: २०२२ च्या एपिक ९६५४ मध्ये ९६ कोअर आहेत, पण सोबत डीडीआर५ चे १२ चॅनल, ४६०.८ जीबी प्रति सेकंद. त्याच वर्षी मिलान-एक्स आला, त्यात एल३ कॅशच ७६८ एमबीपर्यंत नेली. तुमच्यासारख्या ग्रिडच्या कामांसाठीच तो काढला होता.

---

शून्यगणित

हे किती ठिकाणी होत असेल याचा विचार करून अस्वस्थ व्हायला होतं. खरेदीच्या कागदावर '३२ कोअर, १२८ जीबी' एवढंच लिहिलेलं असतं. पुरवठादाराला दोन मॉड्यूल स्वस्त आणि सोपे पडतात, आणि 'पुढे वाढवता येईल' हे ऐकायला बरं वाटतं. कागदाची अट पूर्ण होते, संशोधकाला मात्र चौथाई वाटेचं यंत्र मिळतं आणि वर्षानुवर्षं कोणी बघतही नाही. तुम्ही वेळ मोजून प्रश्न विचारलात म्हणून हे बाहेर आलं. तुमच्या सरांना नक्की सांगा, पुढच्या निविदेत 'सर्व मेमरी चॅनल भरलेले असावेत' हे एक वाक्य घाला. शक्य असेल तर स्ट्रीमचा किमान आकडाही घाला.

अवांतर: पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला तेव्हा त्यात ट्रान्सप्युटर जातीचे प्रोसेसर होते. एकेका प्रोसेसरची गणन-ताकद आजच्या साध्या फोनपुढेही नगण्य, पण त्या चिपवरच शेजारच्या चिपशी बोलण्याचे दुवे होते. आकडा हललाच नाही तर गणित करणार कशावर, हे तेव्हाच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

---

आंबोलीधुकं

उत्तम धागा. एक प्रश्न. हे काम क्लाउडवर भाड्याने का नाही? मी वेबचं काम करतो, '८ व्हीसीपीयू' घेतले होते आणि माझा बिल्ड माझ्या ८ कोअरच्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी हळू झाला. तिथेही मेमरीच का?

---

रॅकवाला

तुमच्या बाबतीत बहुधा त्याआधीचं कारण. इंटेल किंवा एएमडीच्या बहुतेक मशीनवर एक व्हीसीपीयू म्हणजे एक हार्डवेअर थ्रेड, अख्खा कोअर नाही. एका कोअरचे असे दोन थ्रेड असतात, म्हणून ८ व्हीसीपीयू म्हणजे ४ कोअर, आणि तेही सर्व्हरच्या सावकाश घड्याळाचे. एआरएमवर बनलेल्या ग्रॅव्हिटॉनसारख्या प्रोसेसरवर एक व्हीसीपीयू हा खरा कोअर असतो. सर्वांत स्वस्त, 'बर्स्ट' होणारे (थोडा वेळच पूर्ण वेग देणारे) प्रकार असतात त्यात तर जमा क्रेडिट संपलं की वेग खाली येतो.

पंचगंगाकाठ यांच्या कामाला क्लाउड चालेल, पण लहान मशीन घेतलं तर त्या सॉकेटची बँडविड्थ शेजाऱ्यांबरोबर वाटली जाते. मोजूनच घ्यावं.

---

निळाडोंगर

मग साध्या माणसाने तुलना करायची कशी? संकेतस्थळांवर एकच गुण दिलेला असतो, आणि त्यात सर्व्हर दहापट पुढे दिसतो.

---

अर्धवाहक

तो एक गुण बघूच नये. स्पेक सीपीयू २०१७ या चाचणीसंचात हा फरक नीट ठेवलाय: 'स्पीड' म्हणजे एक काम किती लवकर संपतं, आणि 'रेट' म्हणजे अनेक प्रती एकाच वेळी लावल्या तर ठराविक वेळात किती कामं होतात. सर्व्हरच्या जाहिरातीत जवळजवळ नेहमी रेट असतो. तो खोटा नाही, पण ज्याला एकच काम लवकर हवंय त्याच्यासाठी तो आकडा नाही. गीकबेंचनेही २०२३ च्या सहाव्या आवृत्तीत बहुकोअर चाचणी बदलली. आधी प्रत्येक कोअरला स्वतंत्र काम होतं, आता सगळे मिळून एकच काम करतात. त्यामुळे खूप कोअरच्या प्रोसेसरचे गुण पूर्वीसारखे चढत नाहीत. एकच काम वाटून करताना होतंही तसंच.

लॅपटॉपच्या गुणांबद्दलही सावध राहा. छोट्या चाचण्या काही सेकंदांच्या असतात, आणि तेवढ्या वेळात पंखा जोर धरायच्या आत प्रोसेसर पूर्ण बूस्टवर धावून घेतो. नाव एकच, ५८००एच, पण एका लॅपटॉपमध्ये त्याला ३५ वॅट दिलेले आणि दुसऱ्यात ५४. पंधरा मिनिटांनंतर ते दोन वेगळे प्रोसेसर असतात.

---

पंचगंगाकाठ

हे माझ्या अनुभवाशी जुळतं. जाड ग्रिडची बॅच एप्रिल-मे मध्ये दुपारी लावली की लॅपटॉपचा पहिला रन चांगला जातो, पुढे प्रत्येक रनला वेळ वाढत जातो. सर्व्हरवर पहिला आणि शेवटचा रन जवळपास सारखा.

---

रॅकवाला

सर्व्हरचे पैसे त्यासाठीच असतात. वर्षभर पूर्ण भारावर एकाच वेगाने चालणं. आणि ईसीसी मेमरी विसरू नका. एखादा बिट उलटला तर सर्व्हर तो दुरुस्त करतो आणि नोंद ठेवतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये ती सोय नसते. रात्रभर चाललेल्या रनमध्ये एका घराचा जमिनीचा उंचवटा गुपचूप बदलला तर तुम्हाला कळणार कसं? लोकांनी घर सोडायचं की नाही हे त्या नकाशावरून ठरणार असेल तर मी लॅपटॉपचा निकाल अंतिम धरणार नाही, कितीही लवकर आला तरी.

---

पंचगंगाकाठ

अपडेट देते.

सरांनी पाठपुरावा केला. दुसऱ्या एका मशीनमध्ये १६ जीबीचे मॉड्यूल होते, त्यांच्याशी अदलाबदल झाली. आता सर्व्हरमध्ये १६ जीबीचे ८, प्रत्येक चॅनलला एक. एकूण रॅम तीच, १२८ जीबी. एक रुपयाही खर्च झाला नाही.

स्ट्रीम: १४८ जीबी प्रति सेकंद. आधी ४० होतं.
बारीक ग्रिड, ३२ थ्रेड: साडेतीन मिनिटं. आधी १२.
बारीक ग्रिड, १ थ्रेड: ६२ मिनिटं. म्हणजे तिथे काहीच बदललं नाही.

१२ वरून साडेतीन! रात्रीचे पन्नास रन आता खरंच एका रात्रीत बसतात. प्रोग्राममध्ये काही बदल करताना अजूनही मी लॅपटॉपवरच करते, एका थ्रेडवर तपासायला तोच लवकर होतो. पण बॅच सगळी सर्व्हरवर.

आणखी काही करता येईल का? ६३ वरून साडेतीन म्हणजे १८ पट झालं, कोअर तर ३२ आहेत.

---

शून्यगणित

फार आनंद झाला वाचून. १८ पट वाईट नाही. ॲमडाल यांचा १९६७ चा नियम आठवा: प्रोग्रामचा ५ टक्के भाग जरी एकट्या थ्रेडवर चालत असेल तरी कितीही कोअर लावले तरी २० पटीच्या वर जाता येत नाही. तुमचा निकाल फाइलमध्ये लिहिण्याचा भाग बघा. दर काही पायऱ्यांनी २ कोटी चौकोन लिहित असाल तर तेवढा वेळ ३१ कोअर नुसते बसून असतात. लिहिण्याचं काम एका थ्रेडकडे सोपवून बाकीच्यांना पुढच्या पायरीवर जाऊ देता येईल.

---

रॅकवाला

आणि दोन गोष्टी. सुरुवातीला ॲरेमध्ये शून्य भरण्याचा लूपही ओपनएमपीनेच, नंतर गणनेत वापरता त्याच वाटणीने चालवा. लिनक्स मेमरीचं पान जो थ्रेड पहिल्यांदा हात लावतो त्याच्या जवळ ठेवतं. मग बायोसमध्ये एनपीएस नावाची सेटिंग आहे, ती १ वरून ४ करा. सॉकेटचे चार भाग पडतात, प्रत्येकाला स्वतःचे दोन चॅनल. हे आठही चॅनल भरल्यामुळेच आता शक्य आहे. थ्रेड कोअरला बांधून ठेवायला विसरू नका, नाहीतर ते इकडून तिकडे फिरत राहतील आणि फायदा जाईल. पहिल्या लूपचा बदल आधी करा, एनपीएस नंतर, आणि प्रत्येक बदलानंतर स्ट्रीम व बारीक ग्रिड दोन्हीचे आकडे इथेच टाका.